वाचला असे समजून

हत्तुरे सरांना लोक पाठीमागं 'आढावे सर' म्हणायचे आणि ते त्यांना ठाऊक होतं. रागवायचे नाहीत. उलट एखाद्या नव्या प्राध्यापकाच्या तोंडून चुकून समोरच निघून गेलं, तर चष्मा पुसत विचारायचे, "मग, यंदाचा आढावा वाचलात का?" वाचलेला कुणीच नसायचा. नवा प्राध्यापक ओशाळायचा आणि सर पुढं चालू लागायचे.

मूळचे ते सोलापूरजवळच्या कुंभारीचे. नाव शिवयोगी. घरात कन्नड, दाराबाहेर मराठी, आणि पोटाला पुरेल की नाही अशी कोरडवाहू जमीन. थोरला भाऊ रुद्रप्पा सोलापुरात येऊन गिरणीत लागला म्हणून धाकट्याच्या हातात पुस्तक आलं. रुद्रप्पाची स्वतःची शाळा चौथीला सुटली होती. सुटली म्हणण्यापेक्षा सोडायला लावली होती. तिसरी पाळी करून आला की तो धाकट्याचा धडा ऐकत भिंतीला टेकून बसायचा आणि ऐकता ऐकता झोपायचा. शिवयोगी एम.ए. होऊन सोलापुरातल्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागला, त्या दिवशी रुद्रप्पा केसांत कापसाचा भुगा तसाच घेऊन कॉलेजच्या फाटकापर्यंत आला. आत काही आला नाही. "आता माझ्यासारख्यांना शिकीव," एवढंच म्हणाला. पुढं थोड्याच दिवसांत खोकल्यानं गेला. गिरणीतल्या माणसाच्या खोकल्याचं घरात कुणाला काही वाटत नाही, त्यामुळं हा खोकला वेगळा आहे हे कळेपर्यंत वेळ निघून गेली होती.

सरांच्या आयुष्यात पुढं जे काही झालं ते त्या एका वाक्यापायी झालं. नाहीतर माणूस साधा होता. अर्थशास्त्र शिकवावं, संध्याकाळी पत्नी सुंदरम्मांनी केलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खावी, नीट निवृत्त व्हावं, यात त्यांना काही कमी वाटलं नसतं.

सत्तर साली सरांनी संस्थेच्या मागं लागून सकाळचा वर्ग सुरू केला. गिरणीची तिसरी पाळी सकाळी सातला सुटायची. भोंगा झाला की रिकामे डबे हातात धरून माणसं सरळ कॉलेजात यायची आणि ऊन चढेपर्यंत बी.ए.चे तास चालायचे. बाकावर बसलेल्यांत कुणी दोन लेकरांचा बाप, कुणाची दाढी पिकायला लागलेली. पहिल्या बाकावर इलाहीबक्ष. सूत काढायच्या खात्यात होता, विजापूर वेशीकडं राहायचा, मॅट्रिक होऊन दहा-बारा वर्षं लोटली होती. वर्गात त्याला झोप आली की तो उभा राहायचा आणि उभ्यानंच लिहून घ्यायचा. बाकीचे हसायचे. मग त्यांनाही झोप आली की तेही उभे राहायचे. काही सकाळी अर्धा वर्ग उभा असायचा आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटायचं, प्रार्थना चालली आहे.

त्याच सुमारास विद्यापीठाचं एक परिपत्रक आलं. कॉलेजांनी दरवर्षी आपल्या कामाचा आढावा घ्यावा आणि त्यावरून पुढची आखणी करावी, अशा अर्थाचं. प्राचार्यांनी ते दोन बोटांत धरून सरांसमोर ठेवलं. "तुम्ही अर्थशास्त्रवाले. पंचवार्षिक योजना वगैरे तुम्हाला कळतात. बघा काय ते."

प्राचार्यांनी नसती पीडा दुसऱ्याच्या गळ्यात घातली होती. सरांनी ती हारासारखी घालून घेतली. त्यांना खरंच वाटलं की वर्षातून एकदा माणसांनी एकत्र बसून आपलं काय चुकलं ते मोकळेपणानं सांगितलं, तर कॉलेज सुधारेल. आढावा कसा लिहायचा याची त्यांची स्वतःची एक रीत होती: आधी काय फसलं ते सांगायचं, काहीही न लपवता, आणि मग पुढं काय करायचं ते. आधी गोड बोलून मग उणं सांगितलं तर लोकांना फक्त गोड तेवढं ऐकू येतं, असं ते म्हणायचे. बरोबरच होतं. पण आधी उणं सांगितलं की लोकांना काय ऐकू येतं, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

आढावा वाचायचा तो अण्णांच्या पुण्यतिथीला. अण्णा म्हणजे संस्थेचे संस्थापक. जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कॉलेजात पान हलायचं ते त्यांच्याच नावानं. पुण्यतिथी यायची जूनमध्ये, कॉलेज उघडायच्या तोंडाशी, आणि संस्थेची वार्षिक सभाही त्याच दिवशी. मोठ्या खोलीत अण्णांचा फोटो मांडलेला, त्याच्यासमोर सतरंजीवर संस्थेचे सभासद. त्या फोटोसमोर वाद घालायचा नाही, हा दंडक. जे वाचलं जाईल त्याला टाळ्या वाजवायच्या, टाळ्या वाजल्या की ते मंजूर. अण्णा दुपारी बाराला गेले, म्हणून बाराच्या ठोक्याला काहीही चाललेलं असो, सगळ्यांनी उभं राहायचं, दोन मिनिटं शांत, मग हार, मग जेवण. वाचायचं काही उरलं असेल तर चिटणीस म्हणायचे, "उरलेला भाग वाचला असे समजून..." आणि माणसं पंगतीकडं वळायची. आधी पोटोबा मग विठोबा, असं आपल्यात म्हणतात. अण्णांकडं विठोबाला फोटोपुरता मान होता.

पंगतीला हुग्गी असायची. गूळ घालून केलेली गव्हाची खीर, वर तुपाची धार. आणि वाढायला असायचे सकाळच्या वर्गाचे विद्यार्थी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी इलाहीबक्षच म्हणाला, "सर, आमाला कॉलेजानं घेतलं, आमी एक दिस वाढाय नको व्हय?" तेव्हापासून ते पाळी करून यायचे, आंघोळ न करता वाढायला लागायचं कसं म्हणून नळावर डोकं धुवायचे आणि ओल्या केसांनी पंगतीत फिरायचे. सगळ्यांचं झालं की मागं राहिलेलं स्वतः खायचे.

पहिली दोन वर्षं सरांनी आढाव्यात सकाळच्या वर्गाविषयी लिहिलं: निकाल फार वाईट, हजेरी फार कमी, कारण विद्यार्थ्यांची अनास्था. लिहिताना त्यांनाच ते पटत नव्हतं. उभ्यानं लिहून घेणाऱ्या माणसाला अनास्था म्हणायचं कसं? बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा अर्धे बाक रिकामे झाले. मग ते कारण झालं. पण दुष्काळ सरला, तरी निकाल जागचा हलेना. मग एका सकाळी सर वर्ग घ्यायच्या आधी गिरणीच्या फाटकावर जाऊन उभे राहिले. भोंगा झाला. एक लोंढा बाहेर पडत होता आणि दुसरा आत शिरत होता. आत शिरणाऱ्यांत इलाहीबक्ष होता.

"अरे, वर्ग?" सर ओरडले.

"सर, पयली पाळी लागली की!" तो लोंढ्यातून मागं वळून म्हणाला. "ह्या म्हैन्यात न्हाय जमायचं."

एवढंच होतं. पाळ्या महिन्याला बदलायच्या. तिसरी आणि दुसरी पाळी असली की माणसाला सकाळी वर्गाला येता यायचं, पहिली लागली की महिनाभर नाही. येईपर्यंत धडे पुढं गेलेले, मग तो मागच्या बाकावर बसायचा आणि हळूहळू यायचाच बंद व्हायचा. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. रुद्रप्पाच्या पाळ्या बघत ते लहानाचे मोठे झाले होते, आणि तीन वर्षं हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

उपाय सोपा होता. तोच धडा दिवसातून दोनदा शिकवायचा, सकाळी आणि पुन्हा दुपारी पहिली पाळी सुटल्यावर. ज्याला जेव्हा जमेल त्यानं तेव्हा यावं. सर आणि आणखी दोघं प्राध्यापक जादा वेळ द्यायला तयार होते. संस्थेचा एक पैसाही जाणार नव्हता. फक्त मंजुरी हवी होती.

ही मंजुरी मिळेना. सभेत उणी तेवढी वाचून व्हायची, योजनेचं पान यायच्या आत बारा वाजायचे, टाळ्या व्हायच्या, हुग्गी व्हायची आणि पुढच्या वर्षी तीच उणी पुन्हा तशीच असायची. पालथ्या घड्यावर पाणी. सरांना संताप यायचा. तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. चौऱ्याहत्तरच्या सभेत त्यांनी एक नियम मांडला: ज्या वर्गाचा निकाल लागोपाठ खाली राहील, त्याचे प्रवेश, सुधारणेची योजना मंजूर होईपर्यंत, थांबवावेत. त्यांचा हिशोब असा की प्रवेश थांबायची वेळ आली की सभासदांना झक मारत योजना मंजूर करावी लागेल. कागदावर बिनतोड होतं. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब माळशिरसकडचे, उसाचे बागायतदार, मनगटावर सोन्याचं घड्याळ, बोलायला लाघवी. त्यांनी पहिली टाळी वाजवली. "वा, सर! ह्याला म्हणत्यात शिस्त."

त्या संध्याकाळी सर घरी आले ते शीळ घालत. सुंदरम्मांनी विचारलं, "एवढं काय झालं?" तर म्हणाले, "आता करतील की नाही बघू." सुंदरम्मा म्हणाल्या, "दोरी तुमी वळली, पण टोक कुणाच्या हातात दिलंत?" सरांना वाटलं, बायकांना योजनेतलं काय कळतं. त्यांनी ताट पुढं ओढलं.

पंचाहत्तर साल उजाडलं ते अकरावीचा वर्ग घेऊन. मॅट्रिक दहावीला आली आणि अकरावी कॉलेजात आली. पोरांची रीघ लागली, आणि खोल्या कमी पडायला लागल्या. सकाळी कुठल्या खोल्या रिकाम्या करता येतील, अशी चर्चा प्राचार्यांच्या खोलीत चालू होती. सरांच्या कानावर ती आली, पण त्यांना तिची भीती वाटली नाही, कारण त्या वर्षी त्यांचा आढावा तयार होता. आजवर लिहिला नव्हता इतका चांगला. सकाळच्या वर्गाचं काय फसलं, ते सगळं पहिल्या भागात. ते का फसलं आणि दोनदा शिकवून ते कसं सावरेल, ते दुसऱ्यात. आदल्या दिवशी त्यांनी तो इलाहीबक्षला वाचून दाखवला होता. इलाहीबक्षचं शेवटचं वर्ष उरलं होतं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "सर, हे झालं तर मी पास झालोच म्हणून समजा." मग म्हणाला, "अमिनाला सांगू का आज?" अमिना त्याची बायको. सर म्हणाले, "सांग की."

पुण्यतिथीच्या सभेला उशीर झाला. आबासाहेबांची गाडी वाटेत थांबली होती. मग दीप, मग स्वागत, मग आबासाहेबांचं भाषण. ते अण्णांच्या आठवणी सांगत राहिले, आणि त्यांना आठवणी पुष्कळ होत्या. सर वाचायला उभे राहिले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडं त्यांनी बघितलं नाही. त्यांनी आपल्या रीतीनं सुरुवात केली. आधी उणं. निकाल, हजेरी, वर्ष सोडून गेलेली माणसं, काहीही न लपवता. आवाज खणखणीत होता. सभासदांनी माना हलवल्या. कुणीतरी च्‌ च्‌ केलं. पहिला भाग संपला, त्यांनी पान उलटलं, "आता याची कारणं..." एवढं म्हणाले आणि घड्याळाचे ठोके सुरू झाले.

सगळे उठून उभे राहिले.

"एकच मिनिट," सर म्हणाले. "मुख्य भाग पुढंच आहे."

आबासाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि फोटोकडं हात केला. "सर, अण्णांची वेळ झाली."

दोन मिनिटं. सर हातात उलटलेलं पान धरून मान खाली घालून उभे होते. बोलावं, असं त्यांच्या मनात आलं. मोठ्यांदा, सगळ्यांच्या डोक्यावरून बोलावं, दंडक गेला खड्ड्यात. पण आयुष्यभर मान खाली घालून उभं राहिलेल्या माणसाची मान त्या दोन मिनिटांत वर येत नाही. दोन मिनिटं झाली. चिटणीस म्हणाले, "उरलेला भाग वाचला असे समजून... आणि सकाळच्या वर्गाला गेल्या वेळी ठरलेला नियम लागू करून, यंदापासून प्रवेश थांबवण्यात येत आहेत." आबासाहेबांनी टाळी वाजवली. खोलीभर टाळ्या झाल्या. सगळ्यांबरोबर सरांचेही हात एकमेकांवर आपटले. सवय होती. दोन-तीनदा आपटल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करतो आहोत, तेव्हा त्यांनी हात मागं घेतले आणि ते कुठं ठेवावे हे त्यांना कळेना.

मग पंगत बसली. सरांना कुणीतरी हाताला धरून बसवलं. ओल्या केसांनी इलाहीबक्ष हुग्गीचं पातेलं घेऊन आला. बाहेर चुलीपाशी होता, आतलं त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं सरांच्या पत्रावळीवर एक डाव वाढला आणि खाली वाकून हळूच विचारलं, "सर, आपलं वाचलं न्हवं?"

सर म्हणाले, "वाचलं."

"टाळ्या ऐकल्या मी!" त्याचं तोंड फुललं. त्यानं आणखी एक डाव वाढला, वर तूप सोडलं. "घ्या की, सर. आज न्हाय म्हणू नगा."

आणि सरांनी ती हुग्गी खाल्ली. सगळी, त्याच्यादेखत. सगळ्या आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते आबासाहेबांना भेटायला विश्रामगृहावर गेले. त्याच आठवड्यात आणीबाणी आली होती आणि लोक सगळीकडं आवाज खाली करून बोलत होते. आबासाहेबांनी चहा मागवला.

"योजना त्याच आढाव्यात होती," सर म्हणाले. "तुम्हीच म्हणालात, वाचली असं समजून."

"व्हय की, समजलो." आबासाहेब हसले, आणि त्या हसण्यात खरोखरच वाईट काही नव्हतं. "वाचली असं समजलो, सर. मंजूर केली असं कुटं म्हणालो? अन् नियम तर तुमचाच. आकडे तुमचे. आमी आपले अडाणी बागायतदार, तुमी जे लिहिता त्येच्याच मागं चालतो. चहा घ्या, थंड व्हतोय."

सर उठून आले. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा आणि लोकांनी तो धोंडा किती वजनदार आहे म्हणून कौतुक करावं, तशी गत झाली होती.

सकाळच्या खोल्यांत अकरावीची पोरं बसायला लागली. जुन्या विद्यार्थ्यांनी दिवसाच्या वर्गात बसावं, असं ठरलं. इलाहीबक्षनं काही दिवस ते करून बघितलं. रात्रपाळी करून, तासाची वेळ होईपर्यंत कॉलेजच्या व्हरांड्यात ताटकळायचा आणि मग पोरासोरांत बसायचा. पोरं त्याला चाचा म्हणायची. तो झोप आली म्हणून उभा राहिला तर इतिहासाचे प्राध्यापक म्हणाले, "खाली बसा, मागच्यांना फळा दिसत नाही." तो बसला, आणि बसला की झोपायचा. दिवाळीच्या आत त्याचं येणं थांबलं. सरांनी वाट बघितली. मग वाट बघणंही सोडलं.

आढावा मात्र दरवर्षी होत राहिला. त्यातली गंमत अशी की कॉलेजचा एकूण निकाल आता सुधारला होता. सुधारणारच. ज्यांचा निकाल लागत नव्हता त्यांनाच काढून टाकलं होतं. एकदा विद्यापीठाची समिती आली आणि तिनं इतर कॉलेजांनी हा आढावा नमुना म्हणून ठेवावा, असं म्हटलं. सरांचा सत्कार झाला. शाल घेऊन ते घरी आले आणि ती त्यांनी सुंदरम्मांच्या हातात दिली. "आत ठेव. दिसली नाही पाहिजे मला." त्या वर्षीपासून त्यांच्या घरात हुग्गी शिजली नाही. सुंदरम्मांनी एकदा सणाला विचारलं, सरांनी नुसती मान हलवली, आणि त्यांनी परत विचारलं नाही.

सर मुळातच चिवट होते. दोनदा शिकवायची ती योजना ते दरवर्षी आढाव्यात घालत राहिले आणि दरवर्षी ती वाचली असं समजण्यात येत राहिलं. अठ्ठ्याहत्तरला त्यांनी आपली रीत मोडली. उणं शेवटी टाकलं आणि सकाळच्या वर्गाची योजना अगदी पहिल्या ओळीपासून सुरू केली. घड्याळाकडं बघत वाचली. टाळ्या झाल्या. मंजूर. बाराचे ठोके पडले तेव्हा कॉलेजची सगळी उणी न वाचता राहिली होती आणि कुणाला त्यांची आठवणही झाली नाही. सरांना क्षणभर वाटलं, आपण जिंकलो. खरं तर अकरावी-बारावीची नवी इमारत तयार झाली होती, जुन्या खोल्या मोकळ्या पडल्या होत्या, एवढंच. पण ते त्या दिवशी त्यांना कुणी सांगितलं नाही, हे बरंच झालं.

पंगतीला न थांबता सर विजापूर वेशीकडं गेले. अमिनानं दार उघडलं. इलाहीबक्ष घरातच होता. कानांवरचे केस पांढरे झाले होते, आणि बोलताना मधेच खोकत होता. सरांना तो खोकला ओळखीचा वाटला. त्यांनी घाईघाईनं सगळं सांगितलं, योजना, दोन वेळा, मंजुरी. इलाहीबक्षनं ऐकून घेतलं.

"तुमी आमच्यासाठी लई भांडलात, सर," तो म्हणाला. "मला म्हाईत हाय. त्या येळीबी तुमीच एकटे भांडला असाल."

हीच वेळ होती. नियम माझा होता रे, असं सरांनी म्हणायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "बाकीचे येतील का?"

"बाकीचे..." इलाहीबक्षनं अमिनाकडं बघितलं. "कोण पोरांच्या लग्नाला लागलं, कोण गाव सोडून गेलं. सर, पंगतीतनं एकदा उठवल्याला माणूस परत बसत न्हाय." मग सरांचा चेहरा बघून तो घाईनं म्हणाला, "मी येतो की. तुमी एवढं केलंय, मी न्हाय यायचं म्हंजे काय?"

अमिनानं चहाचे कप उचलले आणि ती आत गेली.

वर्ग सुरू झाला. सकाळी सातचा भोंगा झाला आणि सर खडू घेऊन खोलीत जाऊन बसले. धुतलेले बाक, पुसलेला फळा. थोड्या वेळानं इलाहीबक्ष आला, रिकामा डबा घेऊन, केसांत कापसाचा भुगा. पहिल्या बाकावर बसला. सरांनी दाराकडं बघितलं. आणखी कुणी आलं नाही. दुपारच्या वेळी तर, त्याला पहिली पाळी लागलेला महिना सोडला, की नुसती खोली असायची. तो मात्र रोज यायचा. पहिली पाळी असली तर दुपारी, नाहीतर सकाळी, यायचाच. पास होण्यासाठी येत नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. तो सरांसाठी येत होता. वर्षाअखेर या वर्गाचा काय निकाल लागणार आणि आपलाच नियम पुन्हा त्याच्यावर कसा चालून येणार, हे सरांना तेव्हाच दिसत होतं. पुढच्या आढाव्यातली वाक्यं त्यांना आत्तापासून पाठ होती.

एका सकाळी सर फळ्यावर लिहीत होते. मागणीचा नियम. वळून बघतात तो इलाहीबक्ष भिंतीला टेकून झोपला होता, तोंड किंचित उघडं, मांडीवर वही. पूर्वी झोप आली की उभा राहणारा माणूस. रुद्रप्पा अगदी असाच झोपायचा. सरांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी खडू हळूच ठेवला, आवाज होऊ नये म्हणून. खुर्चीवर बसले. बाहेर दिवसाच्या वर्गाची पोरं यायला लागली होती, सायकली लावत होती, हसत होती. सर त्याच्या झोपेतल्या खोकल्याकडं कान लावून बसून राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलं नाही, कारण बघायला कुणी नव्हतं.

तास संपल्याची घंटा झाली. इलाहीबक्ष दचकून उठला, वही सावरली, फळ्याकडं बघितलं. त्याचा चेहरा शरमेनं काळवंडला.

"सर, माफ करा. आजचं झालं व्हय?"

"झालं," सर म्हणाले. "शिकवलं असं समज."

इलाहीबक्षनं मान हलवली, डबा उचलला आणि घरी गेला.